तिला चार बास

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. जुन्या वस्तूंनी आपली कर्मकहाणी गळा दाटून सांगावी अशी रीत आहे. फाटकी छत्री तशी बोलते, मोडकी खुर्ची तशी बोलते. त्यांचं त्यांना लखलाभ. मला रडू येत नाही, संताप येतो. का येतो ते ऐकलंत तर तुम्हालाही येईल.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तिथं मला कुणी नीट चालूच केलं नव्हतं. माझी आठवण सुरू होते ती सांगलीतल्या गंगाधरशेठच्या दुकानापासून. एका सकाळी तिथं आष्ट्याहून जीप भरून माणसं आली. पुढं होते नानासो, त्यांच्या गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष. त्या वर्षी गणपतीत डॉल्बी लावायची नाही, त्याच पैशात काहीतरी समाजकार्य करायचं, असं मंडळानं ठरवलं होतं. चांगलंच ठरवलं होतं, नाही कशाला म्हणू? गल्लीतल्या राजेश्वरीला लॅपटॉप द्यायचा होता. राजेश्वरी जन्मापासून आंधळी. अंधशाळेत शिकली, मग कॉलेज करून पदवीधर झाली, आणि आता नोकरी शोधत होती.

निवड करायला नानासोंनी आपला पुतण्या उदयसिंह बरोबर घेतला होता. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, म्हणजे घरातला जाणकार. राजेश्वरीलाही आणलं होतं. तिला खुर्ची दिली, हातात थंडाची बाटली दिली आणि सगळे तिच्याकडं पाठ करून उभे राहिले.

"मेमरी किती घालू? चार जीबी का आठ?" गंगाधरशेठनी विचारलं.

"कुणासाठी हाय ते बघा की," उदयसिंह म्हणाला. "तिला ना पिक्चर बघायचा, ना गेम खेळायचा. तिला चार बास."

खुर्चीतून राजेश्वरी म्हणाली, "उदयदादा, माझं बोलणारं सॉफ्टवेअर सारखं चालू असतंय. आठ असलं तर बरं पडंल."

नानासो हसले. अगदी मायेनं हसले, त्याचाच मला जास्त राग येतो. "तू बस गं बाळ," ते म्हणाले, "आमी हाय न्हवं."

आणि मेमरीत वाचलेल्या पैशांचं काय केलं असेल? मोठी स्क्रीन घेतली. फोटोत उठून दिसते म्हणून. जिला दिसत नाही तिच्यासाठी मोठी स्क्रीन! मी कपाटातून ऐकत होतो. मला तोंड असतं तर तिथंच बोललो असतो.

सत्काराला मांडव पडला, शाल-श्रीफळ झालं, फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर नानासो केवढे तरी, राजेश्वरी बोटभर, आणि मी तिच्या हातात. घरी आल्यावर राजेश्वरी आईपाशी चाचरत म्हणाली की मेमरी कमी पडणार बहुतेक. तिची आई राहीबाई म्हणाली, "गप बस. धर्माची गाय, दात का गं न्हाय? लोक काय म्हणतील?"

आता मेमरी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर माझा राग तुम्हाला उगीचचा वाटेल. स्वयंपाकघरात फडताळ असतं आणि ओटा असतो. फडताळात डबे ठेवायचे, ओट्यावर काम करायचं. फडताळ कितीही मोठं असू दे, ओटा वीतभर असेल तर एका वेळी एकच परात मावते. मेमरी म्हणजे माझा ओटा. डोळस माणूस ओट्यावर फक्त आपलं काम मांडतो. राजेश्वरीच्या ओट्यावर मात्र एक जण पहिल्यापासून ठाण मांडून असतो. तो म्हणजे बोलणारा. पडद्यावर जे जे येतं ते तो तिला कानात वाचून दाखवतो. तो उठला की तिला काहीच कळत नाही. म्हणजे तिला डोळस माणसापेक्षा ओटा मोठाच लागणार. हे तिला माहीत होतं. तिनं ते सांगितलंही होतं.

काही महिन्यांनी तिला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम लागलं. जयराज साहेबांचा पंपाचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. फोन घ्यायचे, मेल वाचायचे, कुणाला काय माल हवा ते तक्त्यात भरायचं आणि पाठवून द्यायचं. काम पक्कं नव्हतं, आधी बघू म्हणाले होते. शेजारची पूजा तिथंच कामाला होती, तिच्या स्कूटीवर मागं बसून, मला छातीशी धरून राजेश्वरी रोज जायची. त्या घरात पगार आणणारी ती पहिलीच होणार होती. राहीबाईंनी यमाईला नवस बोलला होता, तोही मला माहीत आहे.

तिचं काम बघायला हवं होतं तुम्ही. एका कानात फोन, दुसऱ्या कानात मी. बोटं अशी चालायची की पूजा हातातलं काम सोडून बघत बसायची. पण मेल उघडला, तक्ता उघडला, त्यात व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाचा निरोप आला, की माझा ओटा भरायचा. आणि बोलणारा मध्येच थांबायचा.

डोळस माणसाचा लॅपटॉप अडकला तर त्याला पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र दिसतं. तो शिव्या देतो आणि चहा प्यायला जातो. राजेश्वरीला काय कळणार? नुसती शांतता. मी मेलो, की विचार करतोय, की तिचंच बटण चुकलं, यातलं काहीच तिला समजायचं नाही. ती पुन्हा बटण दाबायची. मी गप्प. पुन्हा दाबायची. मग माझा ओटा जरा मोकळा झाला की त्या साठलेल्या सगळ्या बटणांचे हुकूम मी एका झटक्यात पाळायचो. आज्ञाधारक आहे ना मी!

अशातच औंधच्या एका दुकानदाराची मागणी दोनदा गेली. माल दुप्पट पोचला. तो फोनवर जयराज साहेबांना नको नको ते बोलला.

साहेबांनी राजेश्वरीला आत बोलावलं. मी तिच्या हातातच होतो. "ताई, मला तुमच्याबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण शेवटी दिसत नाही म्हटल्यावर चुका होणारच. त्यात तुमचा काय दोष? सोमवारपर्यंत बघू, नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चूक होती चार जीबीची, चूक होती त्या मोठ्या स्क्रीनची, आणि नाव आलं तिच्या डोळ्यांवर. माझा पंखा इतका गरगरायला लागला की साहेब म्हणाले, "गरम झालाय वाटतं." झालोच होतो.

त्याहून वाईट म्हणजे राजेश्वरीलाही ते पटायला लागलं. घरी येऊन ती आईला म्हणाली, "माझंच चुकत असंल गं." जिची बोटं अख्ख्या कारखान्यात कुणाला हरली नसती, ती असं म्हणाली.

रविवारी उदयसिंह गावी आला होता. राहीबाईंनी त्याला घरी बोलावलं. त्यानं मला उघडलं, माझ्या पोटात काय काय चाललंय ते पाहिलं आणि तो चुकचुकला. "हे बघ, कोण खातंय सगळी मेमरी. हा एकटाच केवढी जागा अडवून बसलाय." आणि मित्रांनो, त्या उंटावरच्या शहाण्यानं बोलणारा काढून टाकला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

"आता बघ कसं पळतंय," असं म्हणून त्यानं मला तिच्या पुढ्यात ठेवलं.

पळत होतो मी, खोटं कशाला बोलू? पडद्यावर मागं डोंगर, पुढं तळं, असं सुंदर चित्र झळकत होतं. राजेश्वरीनं एक बटण दाबलं. दुसरं दाबलं. मग माझ्या आवाजाच्या जाळीवर कान टेकवला.

"उदयदादा," ती अगदी हळू म्हणाली, "हे बोलत का न्हाई?"

"ते बंदच केलं की. त्यानंच तर जड होत होतं."

मी तिला रागावलेलं त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "दादा, तुमच्या डोळ्यावर पट्टी बांधून वर म्हणते, आता कसं हलकं वाटतंय बघा. चालंल तुमाला? दुकानात मी सांगितलं होतं. खुर्चीत बसून सांगितलं होतं. तुमी कुणी मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाई."

राहीबाई "अगं, अगं" करायला लागल्या. "आये, आता दात मोजायचेच," ती म्हणाली. "ह्या गाईवर माझं पोट हाय."

दुपारीच ती आईला घेऊन सांगलीला गंगाधरशेठकडं आली. उदयसिंहही मुकाट्यानं बरोबर आला. काढलेलं परत बसवायचं होतं ना. गंगाधरशेठनी माझं पोट उघडलं. आत मेमरीसाठी आणखी एक खोबण होती, पहिल्या दिवसापासून रिकामी.

"किती घालू?" त्यांनी विचारलं, आणि सवयीनं उदयसिंहकडं बघितलं.

"मला विचारा," राजेश्वरी म्हणाली. "आधी चार वाढवून बघू."

बसवल्यावर तिनं रोजचं सगळं एकदम उघडलं. बोलणारा, मेल, तक्ता, व्हॉट्सॲप, वर व्हायरस शोधणाराही चालू केला. मग पूजाला फोन लावून बोलत बोलत ती काम करायला लागली. बोलणारा थांबला नाही, पण मध्येच एक-दोनदा त्याला धाप लागली. "घरच्या वापराला एवढं चालंल," ती म्हणाली, "पण कामाला न्हाई. ते काढा, आठचं घाला." या वेळी ओटा भरूनही थोडा मोकळा राहिला. तिनं जोरजोरात बटणं दाबून पाहिली. प्रत्येक बटणाला मी लगेच आवाज दिला. "आता बास," ती म्हणाली. नोकरीवाल्या राजेश्वरीला किती मेमरी लागते हे असं ठरलं: आधीची चार आणि ही आठ, म्हणजे बारा. पहिल्या दिवशी तिलाच असं पारखून बघू दिलं असतं तर पहिल्या दिवशीच ठरलं असतं.

सोमवारी कुपवाडला आम्ही चुकलो नाही. मंगळवारीही नाही. नोकरी पक्की झाली. जयराज साहेब खूष होऊन म्हणाले, "ताई, अंदाज छान आला आता तुम्हाला." अंदाज! मी पुन्हा गरम झालो. राजेश्वरीनं मात्र त्यांना तिथंच थांबवलं. "साहेब, मी आधी होते तशीच हाय. मशीन अपुरं होतं," ती म्हणाली. साहेब जरा वरमले आणि हो म्हणाले.

आता मी जुना झालोय. बिजागरी सैल आहे, आणि ती मोठी स्क्रीन एका कोपऱ्यातून काळी पडली आहे. ते घरात अजून कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. पण परवा राजेश्वरी मला पिशवीत घालून परत त्याच दुकानात घेऊन गेली. मंडळानं या वेळी पलीकडच्या गल्लीतल्या ओवीला लॅपटॉप द्यायचं ठरवलंय. ओवी अकरावीत आहे, तिलाही दिसत नाही. तीच खुर्ची होती, हातात तसंच थंड होतं.

"गंगाधरशेठ, मागच्यासारखाच द्या," नानासो म्हणाले. "तिला चार बास."

राजेश्वरीनं ओवीच्या हातातली बाटली काढून घेतली आणि ती नानासोंच्या हातात दिली. "नाना, तुमी बसा," ती म्हणाली. "आमी हाय न्हवं."

नानासो बसले.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला नीट ठेवा, असलं मागणं मी मागणार नाही. मागणं एकच आहे. कुणाला काही द्यायला निघालात तर आधी त्याच्याकडं तोंड करून उभे राहा आणि त्याला विचारा. विचारायला मेमरी लागत नाही, पैसे लागत नाहीत, पुण्याची नोकरीही लागत नाही.

"ओवी," राजेश्वरी म्हणाली, "दिवसभरात तू काय काय करतीस, सांग."

ओवीनं आधी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मग ती सांगायला लागली, आणि गंगाधरशेठनी कपाट उघडायच्या आधी तिचं सगळं ऐकून घेतलं.