गुरुजींना विचारणार कोण?

"मी नाही विचारणार, सर. दर वेळी मलाच का पुढं करता?"

मनवा सिस्टरचं हे कुजबुजतं गाऱ्हाणं अंबिकाबाईंच्या थेट कानात पडलं. मध्ये होता एक हिरवा पडदा, आणि तोही तोकडा. त्याच्याखालून सिस्टरच्या पांढऱ्या चपला आणि डॉक्टर सुहासचे बूट दिसत होते.

"काल विचारलं मी," सुहास म्हणाला. "म्हटलं, गुरुजी, घरी औषध मशीनमधून नीट ओढता ना? तर म्हणाले, 'सुहास, तुला वाचायला मी शिकवलंय.' आता पुढं काय बोलू?"

"मग?"

"पुण्याला पाठवू. तिथले डॉक्टर विचारतील. ते काही यांच्या वर्गात नव्हते."

अंबिकाबाईंना हसू आलं. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते यज्ञेश्वर गुरुजी, म्हणजे त्यांचे यजमान, खाटेवर ताठ बसून नाकावर वाफेचा मास्क लावून पेपर वाचत होते. छत्तीस वर्षं बेलापुरात मास्तरकी केलेली. नगरच्या या दवाखान्यात डॉक्टर त्यांचा विद्यार्थी, सिस्टर त्यांची विद्यार्थिनी. दोघांनीही कधी ना कधी त्यांच्यापुढं अंगठे धरलेले.

दम्यानं चार महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट होण्याची ही वेळ. इथं तीन दिवस वाफ घेतली की गुरुजी टवटवीत. घरी गेले की तीन आठवड्यांत छाती पुन्हा पेटीच्या फुटक्या भात्यासारखी वाजायला लागायची. औषध चुकलं म्हणावं तर तेही नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक, वहीत बरोबरच्या खुणा करून घेतलेलं.

कारण अंबिकाबाईंना ठाऊक होतं. दुकानदारानं कॅप्सूलबरोबर प्लास्टिकचं छोटं मशीन दिलं होतं. गुरुजींनी ते उलटसुलट पाहिलं, "हे यांचे धंदे," म्हणाले आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. कॅप्सूल मात्र कोमट पाण्याबरोबर गिळायला लागले. "अहो, ते मशीन..." एवढंच बाई बोलल्या होत्या. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं, आणि बाईंना गॅसवरचं दूध आठवलं.

गुरुजी वाईट नव्हते हो. जन्मात कधी आवाज चढवला नाही. पण त्यांना चूक दाखवायची वेळ सहसा कुणावर आली नव्हती आणि आली तेव्हा कुणी ती साधली नव्हती. एकदा त्यांनी रविवारी शाळा भरवली. सगळी पोरं आली, शिपायानं घंटा दिली, प्रार्थना झाली. मग कुठं त्यांचं त्यांनाच उमगलं. "आज जादा तास," म्हणाले. पोरांनी मुकाट्यानं पाढे म्हटले. त्या दिवशी रविवार आहे हे बाईंना पहाटेच माहीत होतं. त्यांनीच तर डबा भरून दिला होता.

"वैनी, ह्ये जरा बघा की." शेजारच्या खाटेवरच्या सहादेवनं हाक मारली. श्रीगोंद्याकडचा ऊसवाला गडी, पाचट जाळायच्या दिवसांत त्याची छाती भरून यायची. "सकाळी शिष्टरनी ह्ये मशीन दिलं. पन गुरुजी म्हनले, कॅप्सूल हाय, गिळायची. गिळली. घशातच अडकल्यागत वाटतंय, दमबी कमी न्हाई."

"पाणी कमी घेतलंस," गुरुजी मास्कमधूनच म्हणाले. "दोन पेले घे."

"व्हय गुरुजी," म्हणून सहादेवनं इमानदारीनं तांब्या उचलला.

बाईंच्या मनात आलं, आता आणखी एक वाजणारी छाती आपल्या खात्यावर.

तेवढ्यात पडदा सरकला. सुहासनं सहादेवची छाती तपासली, कपाळाला आठी घातली. "औषध घेतलं?"

"घेतलं की." सहादेवनं गुरुजींकडं पाहिलं.

सहादेवच्या मशीनला अजून कंपनीच्या चिकटपट्टीचा तुकडा तसाच होता. तो सुहासला दिसला, सिस्टरला दिसला. सिस्टर सलाईनच्या बाटलीकडं बघायला लागली. सुहासनं उगाच घसा खाकरला आणि तो गुरुजींकडं वळला.

"गुरुजी, घरी रोज औषध घेऊनही त्रास वाढतोय. तेव्हा पुण्याला दुर्बीण घालून तपासू. तोवर स्टिरॉइडच्या गोळ्या जास्त ताकदीच्या देतो. तुमची शुगर वाढेल त्यानं, पण इलाज नाही."

"तुला योग्य वाटेल ते कर," गुरुजी म्हणाले. आवाज नेहमीचाच, पण पेपरची घडी त्यांनी दोनदा घातली आणि दोनदा मोडली. ते बाईंनी पाहिलं. नळी छातीत घालणार. साखर आधीच दोनशेच्या वर. आणि हे सगळं का, तर तीन शहाण्या माणसांना एका वाक्याची लाज वाटते म्हणून.

सुहासनं पेन उघडलं.

"सुहास, चिठ्ठी थांबव," अंबिकाबाई म्हणाल्या. त्या उठून खाटेच्या कडेला बसल्या आणि गुरुजींचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. मनवा सिस्टरनं श्वास रोखला. सहादेवचा तांब्या तोंडापाशीच राहिला.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुमचं चुकलं. चार महिने चुकतंय. ती कॅप्सूल गिळायची नव्हती, मशीनमध्ये फोडून ओढायची होती."