धाकट्याची साक्ष

"खांद्यात जरा सैल ठेवा हं ताई," धाकटी जाऊ म्हणाली. "रविवारी उपासनेत साक्ष देताना हात वर केले की ताणतं ह्यांना."

तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर थोरलीच्या तोंडून काही भलतंच निघालं असतं. तिनं सदऱ्याच्या खांद्याची टाचणी बोटभर सरकवली.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ, इमारती रंगवणारे. परांची कोसळली तेव्हा दोघं एकाच फळीवर उभे होते. दवाखान्यात दोघी जावांनी हातात हात घेऊन एकच प्रार्थना केली होती. धाकटा काही महिन्यांनी चालू लागला. थोरल्याचं कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

प्रार्थना एक, मग उत्तरं दोन कशी? "प्रभूची इच्छा," लोक म्हणत. म्हणणाऱ्यांचे पाय धड होते. धाकटी एकदा कुरकुरली, "चिखलाचे बूट घेऊन घरभर फिरतात हे," तर थोरली मनात म्हणाली, चिखल आणणारे पाय तरी आहेत बाई तुझ्या घरात!

रविवारी उपकारस्तुतीच्या उपासनेत धाकटा उभा राहिला. नवा सदरा अंगावर चोख बसला होता. मनात कितीही जळफळाट असला तरी वाकडी शिवण घालणं थोरलीला जमलं नव्हतं. तो थोडंच बोलला. प्रभूनं मला उभं केलं, एवढंच. सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. शेवटचं गीत सुरू होताच थोरली उठली आणि घरी निघून आली.

नवरा जागाच होता. "झाली साक्ष? लहानपणी चारचौघांत बोलायचं म्हटलं की ततपप करायचा गडी."

"बोलला नीट."

"जिना चढताना मात्र डावा पाय ओढतो अजून."

ती पदर खोचता खोचता थांबली. "तुम्ही कुठं बघितलंत?"

"बघायला कशाला हवं? ऐकू येतं की. तू शिवणकामाच्या दुकानात गेलीस की दुपारी येतो. मला कुशीवर वळवतो, पाठ पुसतो, जातो."

"रोज?"

"रोज. वहिनीला सांगू नको म्हणाला. चालते पाय घेऊन तुझ्यासमोर यायची लाज वाटते म्हणे त्याला."

सतत पडून असूनही नवऱ्याच्या पाठीला एक जखम नाही म्हणून डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं होतं. तिनंही ते मुकाट्यानं पदरात घेतलं होतं.

"पाळक म्हणतात ना, देवाचं राज्य जवळ आलंय," नवरा म्हणाला. "मला तर त्याचा आवाजही ठाऊक आहे. एक पाय टेकतो, एक ओढतो."

"आणि तुमच्या पायांचं काय?" ती कडाडली. "ते नाही विचारावंसं वाटत देवाला?"

"विचारतो की. आभार मानतो, मग भांडतो. कधी आधी भांडतो."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दार लोटून धाकटा आत आला आणि तिला बघून उंबऱ्यातच थबकला.

"वहिनी... मला वाटलं तुम्ही अजून तिकडेच असाल."

"सगळ्यांबरोबर जेवायला नाही थांबलास?"

"आधी दादाला वळवतो म्हटलं."

तो पलंगाशी वाकला. मंडळीत ताठ उभा असलेला त्याचा पाय इथं थरथरत होता. ती त्या पायाकडे बघत राहिली. थरथरणारा का होईना, तसला पाय नवऱ्याला मिळाला असता तर? मत्सर काही गेला नव्हता. पण धाकट्यानं तोल सावरायला पलंगाची कड धरली, तशी ती दुसऱ्या बाजूनं पुढे झाली.

"एकट्यानं नको ओढूस," ती म्हणाली. "मी खांदा धरते. तू कमरेकडून घे."

दोघांनी मिळून त्याला अलगद वळवलं. थोरल्याचं तोंड खिडकीकडे झालं. बराच वेळ दोघांपैकी कुणीच त्याच्या अंगावरचा हात काढला नाही.