ऐंशी किलोंचा पुतळा

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे, मला हार कुणी घालत नाही. अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात मी पडून असतो. आगीतून बेशुद्ध माणूस कसा ओढून काढायचा, हे नवे जवान माझ्यावर शिकतात. बाहेरून जाड कॅनव्हास, आत वाळूच्या पिशव्या आणि वजन भरल्या अंगाच्या माणसाएवढं, ऐंशी किलो.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. मला हलवताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस यायचा आणि कवायत शिकवणारे मास्तर मिशीतल्या मिशीत हसायचे. पण काखेत हात घालून मला मागे ओढत नेतात, तेव्हा माझ्या टाचा फरशीवर घासतात. घासून घासून त्या फाटल्या आणि वाळू गळू लागली. झाडणाऱ्या मावशी म्हणायच्या, या बाबाची हाडं रोज मीच गोळा करते. मास्तरांनी भांडाराकडे तीन अर्ज केले. पुतळा मोडलेला नाही, सबब दुरुस्ती मिळणार नाही, असं उत्तर आलं. चौथा अर्ज त्यांनी केलाच नाही.

त्या सुमारास भरती झालेल्या तुकडीत एका शिंप्याची मुलगी होती. अंगाने काटकुळी, पण हट्टाची. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या टाचा पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुईदोरा आणून शिवून टाकल्या. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. पण गळून गेलेली वाळू टाक्यांनी थोडीच परत येते? परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने मास्तरांना विचारलं, हा हलका लागतोय, वजन करून बघायचं का?

"पास होते आहेस ना? मग वाळू कशाला मोजतेस?" मास्तर म्हणाले.

तिने विषय सोडला. परीक्षेत तिने मला जवळजवळ पळतच ओढत नेलं. टाळ्या पडल्या. ती पहिली आली, आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या तिच्या बापाने डोळे पुसले.

तिसऱ्याच महिन्यात, भर दुपारी, एका रंगाच्या गोदामाला आग लागली. पुढचं मी पाइप धुणाऱ्या जवानांच्या बोलण्यातून ऐकलं. माळ्यावर गोदामाचा राखणदार बेशुद्ध पडला होता, चांगला धिप्पाड. सर्वांत आधी तीच त्याच्यापाशी पोहोचली. जिन्याच्या तोंडापर्यंत तिने त्याला कसंबसं आणलं. तिथून तो हलेना. जोडीदार वर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशी समिती बसली. कागदावर ती ऐंशी किलोंच्या परीक्षेत पहिली होती. मग माणूस हलला कसा नाही? घाबरली असणार, असं केंद्राच्या साहेबांनी ठरवून टाकलं. ती अंगणात आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र शांत.

"मास्तर, समितीसमोर याचं वजन करा. मी तेव्हा विषय सोडला, ती माझी चूक. तीही सांगते मी."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले, तिच्याकडे नाही.

समिती यायच्या आदल्या दिवशी भांडाराला एकाएकी वाळू सापडली. तिचे टाके उसवून मला काठोकाठ भरलं, टाचांना चामडं लावलं, अंगही पुसलं. जन्मात झाली नव्हती एवढी माझी निगा त्या एका सकाळी झाली. समितीने मला काट्यावर ठेवलं. ऐंशी. मास्तरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, पहिल्यापासून ऐंशीच आहे. मला ओरडावंसं वाटलं. पण मला शिवणाऱ्याने तोंड ठेवलेलं नव्हतं.

तिला काढलं नाही. टेलिफोनवर बसवलं. लोकांच्या हाका ऐकायच्या आणि जागचं हलायचं नाही. चार महिन्यांनी तिने राजीनामा दिला.

मास्तर आता दर सोमवारी, कुणी न सांगता, मला काट्यावर चढवतात आणि आकडा भिंतीवर खडूने लिहितात. तो आता नेहमी ऐंशीच असतो.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं आमच्यासारखे सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, ती वेळेवर घ्या. माझीही घेतली गेली. पण एक माणूस मेल्यावर, आणि एका मुलीला खोटं पाडण्यासाठी.