शकुबाईचे टमरेल आणि अकरा दिवस

मी एक जुने टमरेल आहे. हसलात ना मित्रांनो? हसा. माझे नाव काढले की शहाणीसुरती माणसेही तोंडाला पदर लावतात. पण त्याच लाजेने एका बाईचा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला होता, आणि मी ते सगळे बघत होते.

ब्रह्मपुरीच्या बाजारात लटारूभाऊने तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, काठ दुमडून, कान झाळून मला घडवले. मुखरूभाऊ आणि त्यांची बायको शकुबाई यांनी मला गावी आणले. आधी मी शेताच्या धुऱ्यापलीकडे, बांधाआड जायचे. पुढे अंगणात संडास झाला आणि मला दाराशी हक्काचा खिळा मिळाला. बढतीच म्हणा. बाकीच्यांनी प्लास्टिकचे मग घेतले, मी मात्र शकुबाईचे राहिले. 'संडासला जाते' असे ती कधी म्हणत नसे. मी खिळ्यावर नसले की घरच्यांनी समजून घ्यायचे.

गेल्या वर्षी शकुबाईच्या छातीत गाठ निघाली. चंद्रपूरला किमो सुरू झाली. तिथल्या सिस्टरने सुनेला, रंजीताला बजावले, "पोट साफ होतं का, रोज विचारायचं. जुलाब लागले तर या गोळ्या. तीन दिवस संडास झालीच नाही, तर लगेच फोन."

आता सासूला असले विचारायचे कसे? त्यात सासरे ओट्यावर बसलेले. रंजीताने युक्ती काढली. मी खिळ्यावरून उतरले की ती कॅलेंडरवर एक टिंब द्यायची. पोरगी गुणाची, पण आत काय घडते ते टिंबाला कुठून कळणार?

शकुबाई दिवसातून चार-चारदा जायची. कण्हायची, दाराला कपाळ टेकायची, घामाने भिजायची. काहीच व्हायचे नाही. मग कोणाला कळू नये म्हणून माझ्यातले पाणी ओतून द्यायची आणि मला रिकामे करून बाहेर यायची. किमोसोबतच्या उलटी थांबवायच्या गोळ्यांनी आतडी सुस्तावतात हे तिला ठाऊक नव्हते. तिला वाटले, आजारच पोटात उतरला. सांगितले तर पुरुष डॉक्टर तपासेल, या धास्तीने ती गप्प राहिली. जेवण कमी केले, पाणीही तोडले.

इकडे टिंबे मोजून रंजीता हबकली. "आईले हगवण लागली वाटते," असे पुटपुटत तिने जुलाब थांबवायच्या गोळ्या सुरू केल्या. तीन दिवस! माझ्या पत्र्याला कापरे भरले. तोंड केवढे मोठे मला, पण जीभ नाही.

अकराव्या दिवशी सकाळी शकुबाई म्हणाली, "मले किमोची सुई नाई पायजे आता. चंद्रपूरले नाई जात मी. घरीच मरू द्या."

"अशी काऊन बोलून राह्यली तू?" मुखरूभाऊ ओट्यावरून उठले.

ती मला घेऊन आत गेली, बराच वेळ कण्हली आणि धपकन पडली. रंजीताने दार ढकलले. शकुबाई भिंतीला टेकलेली, पोट टम्म फुगलेले. शेजारी मी, काठोकाठ भरलेले. रंजीताने माझ्याकडे पाहिले, मग कोरड्या फरशीकडे.

"आई, किती दिवस झाले?"

"सुई घेतली त्या दिवसापासून."

"अकरा? अन् मी तुमाले थांबवाच्या गोळ्या देऊन राह्यली!" तिने तिथूनच सिस्टरला फोन लावला.

चंद्रपूरला डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता तर आतडं फुटलं असतं." एनिमा, औषधे, सलाईन. दोन दिवसांनी शकुबाईचे पोट मोकळे झाले आणि ती ढसाढसा रडली. पुढची सुई आठवडाभर लांबली, पण तिने ती घेतली.

त्या दिवशी तिच्या पिशवीत मीही होते. बाकावर शेजारी बुधरी नावाची बाई पोट दाबून बसली होती. शकुबाईने सगळ्या बायाबाप्यांदेखत मोठ्याने विचारले, "बाई, तुले संडास होते का?"

बाकभर माणसे वळून बघू लागली. बुधरीने मान खाली घातली आणि सहा बोटे दाखवली. शकुबाईने तिचा हात धरला, रांग मोडली आणि तिला थेट सिस्टरपुढे उभे केले.

मित्रांनो, घरात कोणाची किमो सुरू असेल तर लाज बाजूला ठेवून रोज तोंडाने विचारा. बुधरीसोबत तिच्या घरची तीन माणसे आली होती. ते सहा दिवस त्यांनाही त्या बाकावरच पहिल्यांदा कळले.