भिंतीपलीकडे आऊट

शुक्रवारच्या लीगमध्ये आपल्याएवढा दांडगा फटका अख्ख्या कुवेतमध्ये कुणाचा नाही, असं नौमान स्वतःच सांगायचा. आणि त्यात खोटं काही नव्हतं. रत्नागिरीकडचा हा गडी आठवडाभर हवल्लीतल्या दुकानात मोबाइलच्या काचा बदलायचा आणि शुक्रवारी सलव्यातल्या रिकाम्या प्लॉटवर गोलंदाजांच्या तोंडचं पाणी पळवायचा. अडचण एकच. मिडविकेटला एक व्हिला होता. तिथला नियम असा, की चेंडू भिंतीपलीकडे गेला तर फलंदाज आऊट, आणि चेंडूही त्यानेच आणायचा. व्हिलाची म्हातारी मालकीण चेंडू द्यायची, पण आधी यथेच्छ झाडायची. चौदा वर्षांत नौमानचं अरबी सुधारलं ते तिच्यामुळेच.

कुवेतच्या संघाने त्याला दोनदा बोलावलं होतं. पहिल्यांदा त्याने नुसतं पाणी वाहिलं. दुसऱ्यांदा एकही चेंडू न खेळता रनआऊट झाला, तेही कॅप्टनच्या कृपेने.

"मोठा आलाय कुवेतचा प्लेयर!" बायको फरजाना म्हणायची. "एक रन तरी काढून दाखव."

हे त्याला फार लागायचं. नावापुढे एक धाव लागावी, एवढंच त्याचं मागणं होतं. एकोणचाळिसाव्या वर्षी तिसरं बोलावणं आलं. हे शेवटचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

त्या दिवशी फरजाना पहिल्यांदाच मॅच बघायला आली. शेजारी शुक्रवारच्या टीमचा कॅप्टन नीलेश बसला होता. नौमान खेळायला उतरला आणि पहिलाच चेंडू त्याने मिडविकेटवरून थेट कुंपणापार हाणला. पंचाने दोन्ही हात वर केले. आणि आमचे महाशय बॅट काखोटीला मारून, मान खाली घालून, निघाले चेंडू आणायला!

"नौमानभाई, सिक्स आहे! मागे फिरा!" नीलेश किंचाळला.

सगळं मैदान खो खो हसलं. समोरच्या फलंदाजाने त्याला दंडाला धरून परत आणलं. तेव्हा कुठे नौमानने फलक पाहिला. नावापुढे सहा! फरजाना उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्याचे डोळे भरून आले, इतके, की पुढचा चेंडू त्याला दिसलाच नाही. मधला स्टंप उडाला.

तो निघाला. चार पावलांवर थांबला आणि मागे वळला. मघासारखी कुणीतरी हाक मारेल म्हणून तो बराच वेळ तसाच बघत राहिला.