गवताला पाय

गोल्फ स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात बेडकीचा कॅडी, मैदानभर तिच्या काठ्यांची बॅग वाहणारा, तिला सोडून गेला. सध्या जिचे दिवस बरे चालले होते अशा एका खेळाडूची बॅग त्याने उचलली आणि बेडकीला फोन करून म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका. मलाही पोट आहे."

"सांभाळ ते पोट," बेडकी म्हणाली. फोन ठेवून ती तशीच आईच्या खोलीत गेली.

आई पलंगाच्या कडेला बसून हाताच्या भेगांना तेल लावत होती.

"आई, माझी बॅग तू उचलशील?"

"कुठून कुठपर्यंत?"

"पहिल्या होलपासून शेवटच्या होलपर्यंत. चारही दिवस."

आईने तेलाच्या बाटलीचं बूच लावलं. लेक थट्टा करतेय का, हे तिच्या तोंडाकडे बघून ताडलं. "अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? माझं काम पाण्यातलं. गवतावर मी काय करू?"

"चालायचं. मधोमध."

वर्षातली ही शेवटची स्पर्धा होती आणि ती नेमकी त्याच क्लबवर होती, जिथल्या तळ्यात आईचं अर्धं आयुष्य गेलं होतं. स्पर्धा संपली की वर्षाच्या यादीतल्या पहिल्या चाळीसजणींना पुढल्या वर्षी खेळायचं कार्ड मिळणार होतं. बाकीच्यांनी घरी बसायचं. मनगटाच्या दुखण्याने बेडकीची मागची दोन वर्षं पार धुऊन नेली होती आणि ती त्या चाळीसजणींच्या उंबरठ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर अशी उभी होती. अशा वेळी कुणी शहाणा माणूस आईला कॅडी करत नाही. पण बेडकीला शहाणं म्हणतं कोण?

तिला हे नावच मुळी चिखलातून मिळालेलं. क्लबच्या तळ्यात सभासदांचे चेंडू पडायचे, ते काढणं हे आईचं काम. लांब दांड्याचं दाताळं, कमरेला जाळीची पिशवी, आणि पाणी कधी मांड्यांपर्यंत तर कधी छातीपर्यंत. काढलेले चेंडू धुऊन-पुसून क्लबच्या दुकानात द्यायचे. चिरलेले, चेपलेले असतील ते दुकानदार नाक मुरडून परत करायचा, ते पोरीचे. आईचा एक नेम होता. पाण्याला हात जोडल्याशिवाय त्यात पाय टाकायचा नाही. थंडी असो, अंगात कणकण असो, वरून मुकादम ओरडत असो, आधी हात जुळायचे, मग पाय उचलायचा. पोरीने कारण विचारलं तर म्हणायची, "कुणाच्या घरात शिरताना आपण कडी वाजवतो की नाही?"

चेंडू काढणाऱ्यांसाठी क्लबचाही एक नेम होता. त्यांनी कुंपणालगतच्या चरातून यायचं, चरातूनच जायचं. गवतावर पाऊल टाकायचं नाही. आईने इतक्या वर्षांत ते गवत जवळून पाहिलं, हुंगलं, त्यावरचे लोक पाहिले. तळवा मात्र कधी टेकला नाही.

एकदा दाताळ्याला काही जड अडकलं. ओढून काढलं तर लोखंडी डोक्याची गोल्फची काठी, मानेपाशी वाकलेली.

"आई, ही कुणाची गं?"

"ज्याला राग आला त्याची. फटका चुकला असेल, दिली भिरकावून. एव्हाना त्याचा राग निवला असेल. घे तू."

त्या वाकड्या काठीने पोर तळ्याच्या कडेच्या चिखलातून चेंडू मारायला लागली. पाय घोट्यापर्यंत रुतलेले, फ्रॉक कमरेला खोचलेला आणि तोंडावर चिखलाची रांगोळी. एक दिवस क्लबचे सेक्रेटरी साहेब पाहुण्यांना मैदान दाखवत तिथून चालले होते. ते थांबले आणि पोट धरून हसले. "ही बेडकी कोण? खेळ, खेळ! पण एक लक्षात ठेव. चिखल तुझा. गवताला पाय लागता कामा नये."

पाहुणेही हसले. आईने मान खाली घातली. पोरीने मात्र ते वाक्य गिळलं नाही, दाढेखाली धरून ठेवलं. पुढे कितीतरी दिवस तिचे चेंडू तळ्यावरून उडून थेट ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, जाऊन पडत, आणि ती स्वतः चिखलात उभी राहून ते लांबून बघत असे. आणायला कधी गेली नाही. सांगितलंय ना, गवताला पाय लावायचा नाही? नाहीच लावायचा. बघू या, कोण कुणाला पुरून उरतं.

मोठी झाल्यावर ती गावाबाहेरच्या, कुणालाही खेळू देणाऱ्या मैदानावर लोकांच्या बॅगा उचलू लागली. तिथेच खेळ शिकवणाऱ्या सरांनी तिचा फटका पाहिला. सर कडक, तोंडाने फटकळ, पण शिकवायला बसले की तहानभूक विसरणारे. त्यांनी तिला हौशी स्पर्धांना नेलं. ती हरली, मग कमी हरली, मग जिंकायला लागली. व्यावसायिक झाली तेव्हा तिने पहिल्या बॅगेवर हिरव्या अक्षरांत 'बेडकी' असं रंगवून घेतलं. सर वैतागले. "अगं, लोक हसतील!" ती म्हणाली, "हसून झालंय त्यांचं. आता वाचू देत."

पहिली मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा एका बातमीदार बाईंनी माइक पुढे केला. "तुमच्या गरिबीबद्दल दोन शब्द सांगा ना."

"गरिबी खेळत नव्हती, बाई. मी खेळत होते. फटक्यांबद्दल विचारा."

अशा बोलण्याने तिची जाहिरातीची कामं गेली. ती वाकडी काठी म्हणाल, तर लोकांना वाटायचं काचेच्या कपाटात जपून ठेवली असेल. आईने ती न्हाणीघरात टॉवेल वाळत घालायला टांगली होती.

तर स्पर्धेच्या पहिल्या दिवशी दोघी क्लबच्या मोठ्या फाटकाशी आल्या. रखवालदार जुना होता. त्याने आईला ओळखलं आणि सवयीने हात केला, "मावशी, चर तिकडून!" आणि आई, गळ्यात कॅडीचा बिल्ला, खांद्यावर लेकीची बॅग, खरोखर वळून चराकडे चालायला लागली. बेडकीने तिचं कोपर धरलं.

"समोरून, आई."

"अगं हो, सवय..."

पहिल्या होलवर गवताशी आल्यावर आई थबकली. खाली वाकली. बेडकीने तिला नवे बूट आणले होते, ते काढू लागली. "घालून चाल," बेडकी म्हणाली, "सगळे घालूनच चालतात." आईने पहिलं पाऊल असं ठेवलं, जसं झोपलेल्या बाळाच्या शेजारून जावं.

तीन दिवस दोघींचं छान जमलं. आईला काठ्यांचे नंबर पाठ झाले. फटका चुकला की ती "जाऊ दे" म्हणायची आणि लागला की "आता पाणी पी" म्हणायची, याहून जास्त सल्ला तिने दिला नाही. ओल्या चेंडूंची पोती वाहिलेल्या खांद्यांना बॅगेचं काही वाटत नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी, थोडेच होल उरले असताना, बेडकी पहिल्या चाळीसजणींत होती आणि हाताशी एका फटक्याची शिल्लकही होती.

मग तो होल आला. बेडकीचा पहिला फटका उजवीकडे भरकटला आणि झाडांखालच्या उंच गवतात गेला. आई भराभर पुढे गेली. मागून बेडकी पोचली. चेंडू दिसेना. दोघींनी शोधायला सुरुवात केली. आई वाकून वाकून पाती बाजूला सारत होती, पुटपुटत होती, "इथंच तर पडला, मी बघितला ना." बरोबर खेळणारी मुलगीही शोधायला आली. एकाएकी आई ताठ उभी राहिली. तिचा हात अंगावरच्या कॅडीच्या अंगरख्याच्या खिशापाशी गेला आणि तिथेच राहिला.

"आई?"

आईने खिशातून हात काढला. तळव्यावर चेंडू होता. स्वच्छ पुसलेला.

पांढरं दिसलं की हाताने जायचं, उचलायचं, कडेला पुसायचं, खिशात टाकायचं. जन्मभर हाताने हेच केलं होतं. डोक्याला विचारायची त्याला गरजच पडली नव्हती.

"मी... बाळा, मला कळलंच नाही गं."

बेडकीने पंचांना बोलावलं. कॅडीने चालू खेळात चेंडू उचलला, म्हणून एका फटक्याचा दंड. चेंडू होता तिथे परत ठेवायचा. शिल्लक संपली. बरोबरची मुलगी आपल्या कॅडीकडे बघून हळूच म्हणाली, "हिचा चेंडू हिच्याच आईने ढापला," आणि दोघं हसू दाबू लागली.

प्रेक्षकांच्या दोरीपलीकडून सर लाल होऊन आले. "बस्स झालं. कॅडी बदलता येतो. माझा पुतण्या उभा आहे, आत्ताच्या आत्ता बॅग त्याच्याकडे दे. वर्षभराची मेहनत या हट्टापायी मातीत घालणार आहेस का?"

आईने तोवर बॅग खाली ठेवली होती. "सर बरोबर बोलतायत. मी जाते. चराकडून जाते, कुणाला दिसणार पण नाही."

तेवढ्या एका वाक्याने बेडकीच्या डोक्यात काहीतरी उकळलं. कार्ड तिला हवं होतं, जिवाच्या आकांताने हवं होतं. पण आईला चराकडे धाडून मिळालेलं कार्ड ती खिशात कशी ठेवणार होती?

"आई, बॅग उचल."

"अगं पण..."

"उचल म्हणते ना! सर, पट्टा तिच्याच खांद्यावर राहील. कार्ड गेलं तर दोघींचं जाईल."

"पस्तावशील," सर म्हणाले.

"मग पस्तावते."

उरलेले होल तिने दात-ओठ खाऊन खेळले. काही मिळवलं नाही, पण गमावलंही नाही. शेवटच्या होलवर हिशोब सरळ होता. चार फटक्यांत चेंडू आत गेला तर कार्ड, पाच लागले तर नाही.

शेवटचा होल तळ्यापलीकडे. पहिला फटका उत्तम बसला. दुसरा चेंडू ग्रीनच्या कडेवर टेकला, क्षणभर रेंगाळला आणि उतारावरून मागे गडगडत तळ्याच्या काठाशी पाण्यात जाऊन बसला. वर जेमतेम नखाएवढी पाठ दिसत होती. जमलेल्या लोकांनी एकदम श्वास सोडला. आता रिवाजाप्रमाणे ती एक फटका दंड घेऊन चेंडू कोरड्यावर टाकणार. म्हणजे पाच, म्हणजे संपलं. बरोबरच्या मुलीने हस्तांदोलनासाठी हातमोजाही काढून ठेवला.

बेडकी काठाशी उकिडवी बसली. बराच वेळ चेंडूकडे बघत राहिली. मग बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"आई, इथे खाली काय आहे गं?"

"चिखल," आई म्हणाली. "दुसरं काय असणार?"

बेडकी फस्सकन हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. विजारीचे पाय गुडघ्यावर चढवून ती उठली आणि पाण्याकडे पाऊल टाकणार, इतक्यात मागून अगदी हळू आवाज आला. "आधी हात जोड."

तिने हात जोडले. लोकांना वाटलं, बिचारी देवाचा धावा करतेय. मग ती पाण्यात उतरली. गार चिखल बोटांच्या फटींतून वर आला, घोटे रुतले, आणि इतकी वर्षं हरवलेली कुठलीतरी भक्कम जमीन पायांखाली सापडल्यासारखं तिला झालं. दुखऱ्या मनगटाचा विचार तिने केला नाही. काठी उचलली आणि चेंडूच्या किंचित मागे, पाण्यासकट, चिखलासकट, सगळी ताकद लावून हाणली.

पाण्याचा पडदा उभा राहिला. तिला काहीच दिसलं नाही. डोळ्यांत, तोंडात, केसांत चिखल. लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. तोंड पुसून बघितलं तर चेंडू ग्रीनवर होता. झेंड्यापासून चारसहा पावलांवर.

ती तशीच अनवाणी ग्रीनवर चढली. चिखलाचे थेंब पडतील म्हणून आईने घाईने टॉवेल पुढे केला. बेडकीने पाय तेवढे पुसले, काळजीपूर्वक, एक-एक बोट करून. मग उताराचा अंदाज घेतला, श्वास सोडला आणि चेंडू ढकलला. तो डावीकडून वळत गेला, कडेशी आल्यावर विचारात पडल्यासारखा थांबू लागला आणि पडला.

टाळ्या झाल्या. सर दोरीपलीकडे तोंड फिरवून चष्मा पुसत होते. आई मात्र होलपाशी उभी होती आणि दोन्ही हात तिने पाठीमागे घट्ट बांधून ठेवले होते.

"उचल ना, आई."

"नको गं बाई. परत दंड पडेल."

"आता उचलायचाच असतो."

आईने पंचांकडे बघितलं. पंचांनी मान हलवली. तेव्हा कुठे ती वाकली, चेंडू काढला, अंगरख्याच्या कडेला पुसला आणि खिशात टाकला.

गुणपत्रिकेवर सही करायची खोली क्लबच्या मुख्य इमारतीत होती. पायऱ्यांवर सेक्रेटरी साहेब उभे होते. केस पिकलेले, हातात काठी, पण तोच आवाज. "अभिनंदन, अभिनंदन! फक्त तेवढं... आत गालिचा आहे. मागच्या बाजूला नळ आहे बघा, मागच्या दाराने आलात तर बरं होईल."

बेडकीच्या जिभेवर उत्तर तयार होतं, दाढेखाली जपून ठेवलेलं. पण तिच्याआधी आई बोलली. आवाज चढवणं तिला कधी जमलंच नाही. बाजूला उभ्या असलेल्यांना कान द्यावे लागले.

"साहेब, आज गवताला पाय लागले बरं का. या टोकापासून त्या टोकापर्यंत. चारही दिवस."

साहेबांना काही आठवलं की नाही, देव जाणे. ते बाजूला झाले. आईने पायपुसण्यावर आपले बूट नीट घासले, बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि लेकीच्या पुढे होऊन समोरच्या दाराने आत गेली. मागोमाग बेडकी, अनवाणी, विजारीतून ओघळणाऱ्या पाण्याने पुन्हा ओल्या झालेल्या पावलांचे ठसे वाटेत उमटवत.