सहाची खेप

नेमसिंगला शिंक आली तेव्हा जीप पुलाच्या तोंडाशी होती. एक, दोन, तीन. चौथीची वाट बघत मी शेजारी बसलो होतो, तर नेमसिंगची मान छातीवर! मागे अकरा माणसं. मी स्टेअरिंग ओढलं. जीप कठड्याला घासून थांबली.

"नेमसिंग! झोपला का लेका?"

"डोळा लागला बापू." त्याचे डोळे लालभडक होते. "पोळ्यापासून झोपच न्हाई. आडवं झालं की नाक चोंदतं, शिंका सुरू."

गोरेगाव–सेनगाव रस्त्यावर सत्तावीस वर्षं त्याची जीप. त्याच्या शिंकेची कीर्ती मीच पसरवलेली. तो गोरेगावात शिंकला की सेनगावच्या हॉटेलात कपबश्या वाजतात, असं मी सांगायचो आणि लोक हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मागची एक म्हातारी उतरली आणि पायीच चालू लागली. नेमसिंग तिच्या पाठीकडे बघत राहिला.

मी त्याला तसाच सेनगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला.

"घराभोवती गाजरगवत आहे का?"

"कुठं न्हाई ते, बाई?"

"त्याच्याच फुलांची बारीक धूळ नाकात जाते. गोळी देते, पण अंथरुणातच धूळ असली तर गोळी काय करणार? सकाळी खिडक्या बंद ठेवा. फरशी ओल्या फडक्यानं पुसा. झोपायच्या आधी डोकं धुवा. अंथरूण कुठं वाळवता?"

"ते घरवालीला ठाऊक."

दिवस कलताना आम्ही तांड्यावर पोचलो. विचारायची गरजच पडली नाही. घरामागे कमरेएवढं गाजरगवत पांढरं फुललेलं, आणि त्यावर ऐसपैस पसरलेली नेमसिंगची गोधडी. त्याची बायको रूपाबाई नुकतीच तुरीतलं निंदण करून आली होती. खुरपं कमरेला तसंच.

"रोज इथंच टाकता?" मी विचारलं.

"मंग कुठं? बोरीच्या कुपावर फाटते. ह्या गवताले काटा न्हाई. उन्हात तापली की ह्यायले झोप येईल म्हनून तर टाकते."

नेमसिंग जमिनीकडे बघत होता. शेवटी मीच खरं सांगितलं. मला त्याची सवय नाही. रूपाबाईने गोधडी ओढून छातीशी धरली, मग एकदम हात लांब करून अंगापासून दूर केली.

"म्हंजी मीच निजू देत न्हवते तुमाले?"

"तसं न्हाई गं," नेमसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने हातांना चिंध्या बांधून सगळं गवत उपटलं. गोधडी उकळत्या पाण्यातून काढून घरातच दोरीवर वाळवली. शिंका निम्म्या झाल्या. निम्म्या राहिल्या.

मग एका सकाळी मला तिचं अंथरूण ओसरीवर दिसलं.

"हे काय, रूपाबाई?"

"शेतात दिवसभर त्याच गवतात असते, बापू. केसात भरून आनते. रोज न्हाऊन निजावं, तर सांजच्याला पानी तापवायचं बळ राहात न्हाई. मी हितंच बरी. ह्यायच्या जीपमधी लोकायचे लेकरं बसतेत." ती हसली. "निस्ती झोप येत न्हाई. शिंका ऐकायची सवय झाली ना."

आत नेमसिंग गोधडीची घडी घालत होता. त्याचे हात थांबले. चाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना कधी निजली नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी सहाची खेप आलीच नाही. स्टँडवर आठ माणसं ताटकळत होती. मी शिव्या देत तांड्यावर गेलो. जीप लिंबाखाली उभी होती. अंगणातल्या चुलीवर पाण्याचं पातेलं होतं. रूपाबाई दगडावर वाकून बसलेली, केस मोकळे. नेमसिंग एका हाताने तांब्याने पाणी ओतत होता आणि दुसरा हात त्याने तिच्या कपाळाशी आडवा धरला होता, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून.

मी खोकलोसुद्धा नाही. मागच्या पावली परतलो.

आता तो सकाळी सातला हजर असतो, डोळे स्वच्छ. ती म्हातारी पुन्हा मागच्या सीटवर बसते. सहाची खेप मात्र कायमची बंद झाली.

"काहून बंद केली हो, बापू?" स्टँडवर लोक मला विचारतात.

कधी मी सांगतो, सांजच्याला पुलावर वाघ बसतो. कधी सांगतो, त्या जीपला दिवस मावळला की दिसत नाही. ते हसतात आणि दुसरी जीप बघायला निघतात.